रेडिएशन ऑन्कोलॉजिस्टचं काम आणि करिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला तीन प्रकारची माणसं विचारतात: एमबीबीएसची मुलं, त्यांचे आईवडील आणि ओपीडीबाहेर बसलेले नातेवाईक. त्यामुळे खाली करिअर आणि आजार यांची थोडी सरमिसळ आहे. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ट्रस्टच्या कॅन्सर हॉस्पिटलात किरणोपचार करते. मोठ्या शहरातल्या कॉर्पोरेट हॉस्पिटलात चित्र थोडं वेगळं असतं, हे धरून वाचा. उपचारांचे आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या माणसाच्या फाइलवर काय लिहिलंय, ते त्याच्या डॉक्टरांनाच विचारा.

रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी करणारे डॉक्टर का?

नाही, ते रेडिओलॉजिस्ट. ते तपासणी करून रोग शोधतात, आम्ही किरणांनी कॅन्सरवर उपचार करतो. मूळ एकच आहे. नोव्हेंबर १८९५ मध्ये जर्मनीतल्या व्युर्झबर्गला विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि पुढची बरीच दशकं एकच डॉक्टर निदानही करायचा आणि उपचारही. आता दोन्ही शाखा पूर्ण वेगळ्या आहेत. तरी लग्नकार्यात कोणीतरी एमआरआयची पिशवी घेऊन येतंच.

किरण तर मशीन देतं. मग तुम्ही नेमकं काय करता?

मशीन मी चालवतच नाही. ते काम टेक्नॉलॉजिस्टचं. माझं काम त्याच्या आधी आणि नंतर असतं.

रुग्णाला रोज अगदी त्याच स्थितीत झोपवता यावं, ही पहिली गरज. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरमध्ये त्यासाठी साचा करतात: गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर ताणून बसवायची, काही मिनिटांत ती कडक होते. त्या साच्यासकट सीटी स्कॅन होतो. तो स्कॅन माझ्या संगणकावर येतो, काही मिलिमीटर जाडीचे शंभराहून अधिक काप, आणि एकेका कापावर मी माउसने रेघा ओढत बसते. याला कॉन्टूरिंग म्हणतात. दिसणारी गाठ एका रंगात. तिच्याभोवती न दिसणाऱ्या पेशी जिथे पसरल्या असण्याची शक्यता आहे, तो भाग दुसऱ्या रंगात. रोज झोपवताना जो मिलिमीटरभर फरक पडतो, त्यासाठी बाहेरून आणखी थोडं. मग ज्यांना वाचवायचं ते अवयव: मज्जारज्जू, लाळग्रंथी, डोळ्याचं भिंग, जबडा.

किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात. घशाच्या गाठीला साधारण ७० ग्रे लागतात. मज्जारज्जूला ४५ ते ५० च्या पुढे जाऊ द्यायचं नसतं, आणि कानाखालच्या लाळग्रंथीला सरासरी २६ च्या आत ठेवता आलं तर पुढे तोंडात लाळ टिकायची आशा असते. अडचण अशी की गाठ बरेचदा लाळग्रंथीला खेटूनच असते. मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे किरणांच्या मोजमापाचे तज्ज्ञ, किरण कुठून किती द्यायचे याचा प्लॅन करून आणतात, आम्ही दोघं तो बघतो, मी काहीतरी अशक्य मागते, ते पुन्हा करतात. लाळग्रंथी वाचवायला गेलं तर गाठीच्या एका कोपऱ्याला मात्रा कमी पडते. अशा वेळी काय सोडायचं, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. प्लॅनखाली सही माझी असते. एका घशाच्या केसच्या नुसत्या रेघांना दोन-तीन तास सहज जातात.

माझ्या मते या शाखेतलं निम्मं कौशल्य या रेघांमध्ये आहे. उरलेलं निम्मं रुग्णाकडून उपचार शेवटापर्यंत पूर्ण करून घेण्यात आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय, कारण मुलाखतीला येणारी मुलं त्याविषयी कधीच विचारत नाहीत.

शिक्षण किती वर्षांचं?

एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप एक वर्ष, मग नीट-पीजी देऊन एमडी रेडिएशन ऑन्कोलॉजी तीन वर्षं. काही ठिकाणी अजून एमडी रेडिओथेरपी असं नाव आहे. एमडीच्या तोडीचं डीएनबीही तीन वर्षांचंच. सरकारी कॉलेजातून शिकलात तर बंधपत्राची सेवा आलीच, ती हिशेबात धरा.

मेडिकल ऑन्कोलॉजी (औषधांनी कॅन्सरचा उपचार) किंवा कॅन्सर सर्जरी करायची तर एमडी किंवा एमएस झाल्यावर पुन्हा तीन वर्षं डीएम किंवा एमसीएच करावं लागतं. आमच्याकडे एमडी हीच शेवटची पदवी. कॅन्सरचा डॉक्टर व्हायचा हा सगळ्यात जवळचा रस्ता आहे, आणि तरीही गुणवत्ता यादीत वर असलेली मुलं आधी रेडिओलॉजी घेतात. काही जण नाइलाजाने आमच्याकडे येतात. त्यातले बरेच नंतर रमतात.

अकरावीतच फिजिक्सची धास्ती घेतली होती. निभेल का?

निभेल, पण टाळता येणार नाही. एमडीच्या परीक्षेत किरणांचं भौतिकशास्त्र आणि किरणांचा पेशींवर होणारा परिणाम हे दोन्ही विषय असतात. गणित दहावी-बारावीच्या पलीकडचं फारसं नाही. काही मशीनमध्ये कोबाल्ट-६० हा किरणांचा स्रोत असतो. त्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात त्याची ताकद निम्मी होते, म्हणून मशीनमधला स्रोत जुना होत जातो तसा त्याच रुग्णाला तितक्याच मात्रेसाठी जास्त वेळ टेबलावर झोपावं लागतं. हे एकदा प्रत्यक्ष बघितलं की सूत्र पाठ करावं लागत नाही.

दिवस कसा जातो?

सकाळी ओपीडी. आठवड्यातून एक-दोनदा ट्यूमर बोर्ड, म्हणजे सर्जन, मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि आम्ही एका टेबलाभोवती बसून आधी ऑपरेशन की आधी किरण यावर वाद घालतो. दुपारी कॉन्टूरिंग आणि प्लॅन तपासणं. उपचार चालू असलेल्या प्रत्येक रुग्णाला आठवड्यातून एकदा तरी बघायचं: वजन, तोंडातले फोड, कातडी, रक्ताचे रिपोर्ट. रात्रीची धावपळ इतर शाखांच्या मानाने कमी, पण शून्य नाही. मणक्यातल्या गाठीने मज्जारज्जू दबला आणि पायांतली ताकद जायला लागली, तर सकाळपर्यंत थांबता येत नाही. घर सांभाळून करता येणारी शाखा म्हणून ती सुचवली जाते. ते बऱ्यापैकी खरं आहे, फक्त ते मुलींनाच का सुचवतात, हे मला कळलेलं नाही.

रोज रेडिएशनमध्ये राहून तुम्हालाच कॅन्सर नाही का होणार?

मुलांच्या आईला हा प्रश्न पडतोच. पूर्वी तो रास्तही होता. सुरुवातीच्या काळात डॉक्टर स्वतःच्या हाताची कातडी किती लाल होते यावरून क्ष-किरणांच्या नळीची ताकद ओळखायचे. त्यातल्या कित्येकांची बोटं गेली, काहींचे प्राण गेले. जर्मनीत हॅम्बुर्गला १९३६ मध्ये अशा माणसांच्या नावांचं स्मारक उभारलं गेलं.

आता लिनॅक, म्हणजे किरण देणारं विजेवरचं यंत्र, बंद असलं की त्यातून काहीच बाहेर येत नाही. उपचार चालू असताना खोलीत रुग्णाशिवाय कोणी नसतं. मुख्य झोताच्या दिशेची काँक्रीटची भिंत दोन मीटरच्या आसपास किंवा त्याहून जाड असते. दार नीट लागलं नाही तर झोत सुरूच होत नाही. आम्ही सगळे छातीवर अंगावर पडलेले किरण मोजणारा टीएलडी बॅज लावतो, तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाप्रमाणे कर्मचाऱ्याला सलग पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (शरीराला लागलेले किरण मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३० ही मर्यादा आहे. बहुतेकांचे बॅज याच्या खूप खाली असतात. निसर्गातूनच माणसाला जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात.

मूल होण्यात अडचण येते का?

बॅजचा आकडा जर वर सांगितल्यासारखा कमी असेल तर नाही. गरोदर असल्याचं कळवल्यानंतर पोटातल्या बाळासाठी १ मिलिसीव्हर्टची वेगळी मर्यादा लागू होते आणि कामाची वाटणी त्याप्रमाणे बदलतात. कळवायला उशीर करू नका, एवढंच.

आईला शेक चालू आहे. घरात बाळ आहे. तिला वेगळं ठेवायचं का?

नाही. शेक म्हणजे बाहेरून दिलेले किरण, ते शरीरात साठून राहत नाहीत. मशीन बंद झालं की संपलं. नातवाला मांडीवर घेऊ दे, ताटात जेवू दे. थायरॉइडसाठी पिण्याचं रेडिओॲक्टिव्ह आयोडीन वेगळं, तिथे काही दिवस पथ्य असतं, पण तो उपचार न्यूक्लिअर मेडिसिनवाले देतात आणि तसं लिहूनही देतात. हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो आणि बरेचदा तोवर आजींचं अंथरूण पडवीत गेलेलं असतं. म्हणून मी आता कोणी विचारायच्या आधीच सांगते.

शेक दोन-चार दिवस चुकला तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल, तर हे वाचा.

किरण रोज थोडे थोडे, सोमवार ते शुक्रवार, पाच ते सात आठवडे देतात. त्यामागे कारण आहे. किरणांनी निरोगी पेशींनाही इजा होते, पण दोन मात्रांच्या मधल्या वेळात त्या कॅन्सरच्या पेशींपेक्षा चांगल्या सावरतात. रोजच्या त्या फरकावरच आमचा सगळा उपचार उभा आहे. पण तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये साधारण चौथ्या आठवड्यानंतर वाचलेल्या कॅन्सरपेशी आधीपेक्षा वेगाने वाढू लागतात. तेव्हा पडलेला खंड सरळ रोगाच्या फायद्याचा. उपचाराचा एकूण काळ एका दिवसाने वाढला की रोग आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने कमी होते, असा हिशेब अनेक अभ्यासांतून निघालेला आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरचे आणि आतले किरण मिळून आठ आठवड्यांत सगळं संपवायचं, हा दंडक याच कारणासाठी.

आता माणसं का चुकवतात ते बघा. मृगाचा पाऊस पडला की पेरणी. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीची उचल घेतलेली असते, टोळीबरोबर जावंच लागतं. गौरी-गणपती. भावकीतला दहावा. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे नेमक्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात तोंड आतून सोलवटतं, पाणीही झोंबतं, आणि घरचे म्हणतात, 'जरा बरं वाटू दे, मग बघू.' म्हणजे ज्या वेळी खंड सर्वांत महाग पडतो, त्याच वेळी तो घ्यावासा वाटतो.

म्हणून तोंडाची काळजी पहिल्या दिवसापासून: मीठ-सोड्याच्या पाण्याने दिवसातून अनेकदा चूळ, तिखट बंद, ताकात कुस्करलेली भाकरी, मऊ भात, अंडं, शेंगदाण्याचं कूट घातलेली पेज. वजन उतरू लागलं तर नाकातून नळी. नळीला लोक फार घाबरतात, पण घातल्यावर दोन दिवसांत माणूस उभा राहतो. किडलेले दात किरण सुरू होण्याआधीच काढून घ्यायचे, नंतर काढले तर जबड्याचं हाड न भरणारी जखम धरू शकतं. तंबाखू, मावा, मशेरी बंद. मशेरी लावणाऱ्या मावश्यांना ती तंबाखू वाटतच नाही, त्यांना नाव घेऊनच विचारावं लागतं.

खंड पडलाच तर शनिवारी जादा शेक, किंवा एकाच दिवशी सहा तासांच्या अंतराने दोन, असं भरून काढता येतं. पण त्यासाठी तुम्ही आम्हाला कळवलं पाहिजे. फोन बंद करून बसू नका.

पैशांचंही बोलून टाकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार बसतात, त्यामुळे उपचाराचा खर्च बऱ्याच जणांचा सुटतो. सुटत नाही तो प्रवास, राहणं, खाणं आणि बुडालेली मजुरी. मुंबईला जाणाऱ्यांसाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही दोन नावं ठाऊक असू द्या. एसटीत आणि रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णांना सवलत आहे, त्यासाठी हॉस्पिटलचा दाखला लागतो. तो सोशल वर्करकडे मागा, पहिल्याच दिवशी. मला कोणी विचारलं की विभागात नवं मशीन हवं की आणखी एक चांगला सोशल वर्कर, तर मी पटकन उत्तर देऊ शकणार नाही.

ब्रेकीथेरपी म्हणजे काय?

किरणांचा स्रोत शरीराच्या आत, रोगाला लागून ठेवायचा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये हे फार महत्त्वाचं आहे. बाहेरून साधारण २५ शेक, दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, आणि मग ब्रेकीच्या काही खेपा. भूल देऊन नळ्या बसवायच्या, स्कॅन करायचा, प्लॅन करायचा, आणि मग इरिडियम-१९२ चा तांदळाच्या दाण्याएवढा स्रोत मशीनमधून तारेने आत जातो, काही मिनिटं थांबतो, परत येतो. त्याचं अर्धायुष्य ७४ दिवसांचं, म्हणून वर्षातून तीन-चार वेळा बदलावा लागतो.

आमच्या शाखेत हाताचं कसब दिसतं ते इथे. दुर्दैवाने सगळीकडे ब्रेकीची सोय नाही, आणि नुसत्या बाहेरच्या शेकांवर भागवलं तर निकाल उणाच राहतो. आईला गर्भाशयमुखाचा कॅन्सर असेल तर 'ब्रेकी कुठे होणार, कोणत्या तारखेला' हे सुरुवातीलाच विचारून ठेवा.

'पेशंटला सांगू नका' असं नातेवाईक म्हणाले तर?

रोज म्हणतात. मुलगा आधी एकटा आत येतो, दार लावतो आणि सांगतो, 'मॅडम, आईला फक्त गाठ आहे असं सांगितलंय.' बाहेर दारावर कर्करोग रुग्णालय अशी पाटी आहे, आणि आईला वाचता येतं.

मी मुलाशी वाद घालत नाही. त्याच्यासमोरच आईंना विचारते, 'आजाराबद्दल तुम्हाला काय काय सांगितलंय? अजून काही समजून घ्यायचंय का?' काही जणी म्हणतात, 'पोराला विचारा, तो बघतो सगळं.' तेही उत्तरच आहे आणि मी ते मानते. पण विचारलं तर खोटं सांगत नाही. संमतीपत्रावर सही तिची असते, मुलाची नाही. सहा-सात आठवडे रोज यायचं आहे. कशासाठी येतोय हे माहीत नसलेलं माणूस तोंड सोलवटल्यावर यायचं बंद करतं, हा माझा व्यवहारातला मुद्दा. तो मुलांना नीतीच्या मुद्द्यापेक्षा लवकर पटतो.

सतत मरणाच्या जवळ राहून हे झेपतं का?

लोकांना वाटतं तितकी ही शाखा उदास नाही. स्वरयंत्राच्या अगदी सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये नुसत्या किरणांनी दहापैकी नऊच्या आसपास रुग्णांचा रोग आटोक्यात येतो, आणि आवाज राहतो. कीर्तनकार असो वा शाळामास्तर, त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नाही. कॅन्सर हाडात गेलेला असेल तेव्हाही ८ ग्रेची एकच मात्रा देऊन दहापैकी साधारण सहा जणांचं दुखणं उतरतं. एका दिवसाचा उपचार, रुग्ण त्याच दिवशी एसटीने घरी.

जड जातं ते टाळता आलं असतं त्याचं. तिशीतला मुलगा, गुटख्याने गाल आरपार झालेला. पंचेचाळिशीची बाई, वर्षभर अंगावरून जातंय पण कोणाला बोलली नाही. धाराशिव, तेव्हाचं उस्मानाबाद, जिल्ह्यातल्या गावांमध्ये टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल हॉस्पिटलने मोठा अभ्यास केला. त्याचा निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला: तीस ते एकोणसाठ वयाच्या बायकांची एचपीव्हीची (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची) तपासणी आयुष्यात एकदाच केली, तरी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आमच्या शेजारच्याच गावांतला हा पुरावा आहे. तरीही माझी ब्रेकीची यादी भरलेली असते. राग येतो तो याचा. मरणाचा येत नाही.

पगार किती मिळतो? स्वतःचं क्लिनिक टाकता येतं का?

पाटी लावून बसता येत नाही, हे नीट समजून घ्या. मशीन, बंकर, फिजिसिस्ट, नियामक मंडळाची परवानगी, सगळं मिळून कोटींचा मामला. त्यामुळे कायम कुठल्यातरी संस्थेत नोकरी किंवा भागीदारी. सरकारी कॉलेजात सातव्या वेतन आयोगाप्रमाणे, खासगीत त्याहून बरंच जास्त. जिल्ह्याच्या गावी सुरुवातीलाच मोठ्या शहरापेक्षा चांगला आकडा मिळू शकतो, कारण तिथे यायला कोणी तयार नसतं. वडिलांचं हॉस्पिटल आहे आणि ते पुढे चालवायचं आहे, असं असेल तर आधी हा हिशेब करा.

नोकरीला मुंबई-पुण्यातच राहावं लागेल का?

नाही. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे आणि आजही अनेकांना तेच एक नाव माहीत असतं. पण नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी, बार्शीचं नर्गिस दत्त, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय ही सगळी किरणोपचाराची केंद्रं आहेत, आणि कोल्हापूर, मिरज, नाशिक, लातूर या पट्ट्यातही मशीनं आहेत. दहा लाख लोकसंख्येमागे किमान एक मशीन असावं असा ढोबळ मापदंड आहे. भारत अजून त्याच्या खाली आहे. लहान गावी काम करायचं तर केमोथेरपीही बरीचशी आपल्यालाच द्यावी लागते, शिवाय सल्ला विचारायला शेजारच्या खोलीत कोणी नसतं. टाटाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे, म्हणजे कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्यामुळे, अवघड केस ऑनलाइन मांडता येते, हा मोठा आधार आहे.

कोबाल्ट जुनाट आणि प्रोटॉन सर्वोत्तम, असं आहे का?

असं नाही. कोबाल्टच्या झोताच्या कडा लिनॅकइतक्या नेमक्या नसतात, पण वीज जाणाऱ्या गावात ते निमूट चालतं आणि हाडाच्या दुखण्याला त्याचे किरण तेवढेच लागू पडतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेलं भाभाट्रॉन हे देशी कोबाल्ट मशीन २००५ मध्ये खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटाच्या संशोधन केंद्रात, बसलं. त्याच आवारात २०२३ पासून प्रोटॉनचे उपचारही होतात. प्रोटॉन ठरावीक खोलीवर जाऊन थांबतात, पलीकडे जात नाहीत, म्हणून लहान मुलांच्या मेंदूच्या आणि मणक्याच्या गाठींत त्यांचा खरा फायदा आहे. सरसकट प्रत्येक कॅन्सरला प्रोटॉन मागणं म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही घालवणं. शेत विकून प्रोटॉन घ्यायचा विचार असेल, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

मशीन चुकलं तर?

१९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात थेरॅक-२५ नावाच्या मशीनने सहा रुग्णांना प्रचंड जास्त मात्रा दिली, काही जण त्यात दगावले. आधीच्या मॉडेलमधली यांत्रिक सुरक्षा काढून सगळी मदार सॉफ्टवेअरवर ठेवली होती, आणि सॉफ्टवेअरमध्ये दोष होता. 'असं होतंय' म्हणून तक्रार आली तेव्हा कंपनीने सुरुवातीला ते शक्यच नाही असं उत्तर दिलं. हा किस्सा आम्ही प्रत्येक नव्या निवासी डॉक्टरला सांगतो. आज रोज सकाळी पहिल्या रुग्णाआधी फिजिक्सची माणसं मशीनची मात्रा तपासतात. गुंतागुंतीचा प्लॅन आधी रुग्णाविना चालवून बघतात. टेक्नॉलॉजिस्टला काही खटकलं तर तो झोत थांबवतो आणि त्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागत नाही. ज्या विभागात त्याला ओरडा बसतो, तिथे नोकरी धरू नका.

एआय आल्यावर या शाखेचं काय?

निरोगी अवयवांच्या रेघा आताच सॉफ्टवेअर ओढतं, आणि चांगल्या ओढतं. माझा वेळ वाचतो. गाठीची हद्द मात्र स्कॅनवर जेवढी दिसते तेवढीच नसते. बोट घालून तपासल्यावर जिभेच्या मुळाशी लागलेला कडकपणा स्कॅनमध्ये नसला तरी रेघेत यावा लागतो. तपासायचा कंटाळा करणाऱ्या डॉक्टरांची जागा सॉफ्टवेअरने घेतली तर मला वाईट वाटणार नाही.

एमबीबीएस न करता या विभागात येता येतं का?

हो. एमएस्सी फिजिक्सनंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा करून, किंवा मान्यताप्राप्त एमएस्सी मेडिकल फिजिक्स करून, मेडिकल फिजिसिस्ट होता येतं. बारावी सायन्सनंतर रेडिओथेरपी टेक्नॉलॉजीची पदवी करून टेक्नॉलॉजिस्ट. ज्या हुशार मुलांना फिजिक्स आवडतं पण 'त्यात नोकरी नाही' असं ऐकून जी इंजिनीअरिंगला जातात, त्यांच्या पालकांनी पहिल्या पर्यायाची चौकशी जरूर करावी.

संशोधन करायचं असेल तर?

भारतात बसून जगाची पद्धत बदलता येते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० स्त्रियांवर टाटामध्ये झालेली चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. किरणांबरोबर सिस्प्लॅटिन दिल्यावर पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ४६ वरून ५४ टक्क्यांवर गेलं. तिथल्याच डॉ. सुप्रिया चोप्रा यांच्या चाचणीत, ऑपरेशननंतर लागणारे किरण रोज स्कॅन करून नेमकेपणाने दिले तर तीन वर्षांत आतड्याचे त्रास सुमारे ४२ टक्क्यांवरून २१ वर येतात, असं दिसलं. हे त्रास म्हणजे सतत जुलाब, लग्नाला जायची भीती, एसटीत बसायची भीती. रुग्ण जगला की काम झालं असं मानणाऱ्यांनी हे आकडे बघावेत.

परदेशात संधी आहे का?

आहे, पण आपली एमडी थेट चालत नाही. ब्रिटनमध्ये एफआरसीआर ही तिथली परीक्षा द्यावी लागते आणि तिथे हाच डॉक्टर केमोही देतो. अमेरिकेत पुन्हा रेसिडेन्सी.

ही शाखा निवडण्याआधी काय बघून यावं?

मशीन बघायला येतात सगळे, ते दहा मिनिटांत बघून होतं. त्यापेक्षा एक दुपार कॉन्टूरिंग करणाऱ्याच्या शेजारी गप्प बसा. तीन तास रेघा बघून कंटाळला नाहीत तर पुढचं बोलू. एक दिवस ब्रेकीच्या ओटीत उभे राहा. आणि फॉलो-अपच्या ओपीडीला या, नव्या रुग्णांच्या नको. पाच वर्षांपूर्वी उपचार झालेली माणसं तिथे रांगेत बसलेली असतात, कोणाचं तोंड अजून दोन बोटंच उघडतं, कोणी नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आलेलं असतं. त्यांना विचारा, उपचाराच्या काळात कशाने निभावलं. येण्याआधी विभागप्रमुखांना फोन करा, कारण ब्रेकीचे आणि फॉलो-अपचे वार प्रत्येक हॉस्पिटलात वेगळे असतात.